डॉलरमधे पगार घेणाऱ्याने "आपण भोगलं" म्हणावं का? (कोलंबो, 2022)

उंटावरचा
2022 ला श्रीलंकेच्या आर्थिक संकटात कोलंबोत असलेले आम्ही पाचसहा जण परवा भेटलो आणि नेहमीसारख्या गप्पा तिकडेच वळल्या, मार्चअखेरचे तेरा तेरा तास लाईट नसलेले दिवस, गॅस नाही, पेट्रोल नाही, आणि जो तो "आपण काय काय काढलं" सांगतोय. मी पण सांगितलं, रंगवून सांगितलं. घरी आल्यावर मात्र जरा लाज वाटली, म्हणून हा धागा.

हिशोब साधा आहे. तिथला रुपया डॉलरला 200 च्या आसपास बांधून ठेवला होता, 7 मार्चला सैल सोडला आणि मे पर्यंत 360 च्या घरात गेला. म्हणजे माझ्या टीममधल्या पोरांच्या पगाराची किंमत जवळपास निम्मी झाली त्याच दोन महिन्यात माझा पगार तिथल्या रुपयात पाऊणे दोनपट झाला, मी काडीचंही जास्त काम न करता. पेट्रोलच्या रांगेत मी उभा राहिलोच नाही. ओळखीच्या टुकटुकवाल्याला (तिकडची रिक्षा) दिवसाचे पैसे देऊन ऑफिसची गाडी घेऊन उभा केला, तो दोन रात्री गाडीतच झोपला, टाकी भरून आणली, मी वर टीप दिली आणि स्वतःवरच खूष झालो. माझं मत असं की परदेशी माणसाने थांबायचं तर थांबावं पण "आपण" म्हणू नये. खिशात पासपोर्ट आणि तिकिटाचे पैसे असलेला माणूस फक्त बघत असतो.

खिडकीतली_सीट
अहो पण त्याला काम मिळालं की! भाडी बंद होती, तुम्ही पैसे दिले नसते तर घरी बसला असता. अपराधी वाटण्याचं पण एक कौतुक असतं राव.

उंटावरचा
त्याची स्वतःची टुकटुक रिकाम्या टाकीने घरी उभी होती कारण तो माझ्या रांगेत होता. एक माणूस दोन रांगा लावू शकत नाही.

खिडकीतली_सीट
हे आधी लिहायचं होतंत.

पोळपाट
मी उलट म्हणेन, निघून जाणं जास्त प्रामाणिक. आम्ही 9 मे नंतर निघालो, त्या दिवशी गॉल फेसवर (समुद्रकाठचं मैदान, आंदोलनाचे तंबू तिथेच होते) सरकारच्या समर्थकांनी आंदोलकांना मारलं, संध्याकाळपर्यंत पंतप्रधान महिंदा राजपक्षेंचा राजीनामा आणि रात्रभर पुढाऱ्यांची घरं पेटत होती, कर्फ्यू, आणि पोरगं चार वर्षांचं. पण खरं कारण भीती नव्हतं, खरं कारण सिलिंडर. साडेबारा किलोचा सिलिंडर एप्रिलअखेरीस 4860 रुपये झाला, आम्हाला परवडत होता आणि आमच्याकडे दोन होते, खालच्या मजल्यावरच्या अक्का लाकडं पेटवायच्या, गॅलरीत धूर यायचा आणि मी खिडकी लावून घ्यायचे. (हे पहिल्यांदाच कुठे लिहितेय.) जाताना दोन्ही सिलिंडर त्यांना दिले. तुम्ही तिथे असलात की कुणाच्या तरी वाट्याचं वापरताच, चांगले असा नाहीतर वाईट.

कंदीलवाला
पोळपाट, हे ऐकायला बरं वाटतं पण आजार काय होता ते तरी बघा. देशाकडे डॉलरच नव्हते, तेल आणायला नाही, औषधाला नाही, 12 एप्रिलला तर परदेशी कर्जफेडच थांबवली. अशा वेळी डॉलर घेऊन येणारा प्रत्येक माणूस निघून गेला असता तर अक्कांना गॅस मिळाला असता का? भाडं, ड्रायव्हर, घरकामाच्या बाईंचा पगार हे सगळं कोण देत होतं? थांबणं हीच मदत. फक्त एक अट आहे, पैसे बँकेतून बदललेले पाहिजेत. उंटावरचे, तुम्ही बँकेतून बदलत होतात ना?

उंटावरचा
मार्चपर्यंत नाही. बाहेर दर चांगला मिळायचा.

कंदीलवाला
मग पुढच्या भेटीत "काय काय काढलं" मधे हे पण सांगा.

भरती_ओहोटी
तुम्ही लोक सगळं पैशातच का मोजताय? मी गॉल फेसच्या तंबूंमधे जायचे, एप्रिलपासून, ऑफिस सुटलं की. तिथल्या वाचनालयात पुस्तकं लावली, पावसात ताडपत्री धरली, मला कोणी पासपोर्ट विचारला नाही. मल्ली, नंगी (सिंहलीत धाकटा भाऊ, धाकटी बहीण) म्हणणारी पोरं होती, त्यांच्यात "आपण" म्हणायला मला कधीच अवघड गेलं नाही.

कंदीलवाला
ऑगस्टमधे विचारला. आंदोलनाचे व्हिडिओ टाकणाऱ्या एका ब्रिटिश बाईंचा व्हिसा रद्द करून देश सोडायला सांगितलं होतं. आणि तुमच्याबरोबरच्या पोरांना काही झालं असतं तर तुम्हाला विमान होतं, त्यांना नाही.

भरती_ओहोटी
विमानाचं तर बोलूच नका, जूनमधे तिथल्या विमानांना इंधन भरायला तिरुअनंतपुरमला उतरावं लागत होतं 😄 पण हो, मुद्दा कळला. पटला नाही.

वेल्लवत्ताची_सून
मी अजून इथेच आहे, नवरा इथला, माझा पगार इथल्या रुपयात. तुमच्या सगळ्यांच्या गोष्टी 9 जुलैला लोक राष्ट्राध्यक्षांच्या पोहायच्या तलावात उतरले आणि 13 ला राष्ट्राध्यक्ष गोटाबाया मालदीवला पळाले तिथे संपतात, कारण त्यानंतर टीव्हीवर काही नव्हतं. आमचं तिथून सुरू झालं. ऑगस्ट 2022 ला वीजदर सरासरी 75 टक्के वाढले, फेब्रुवारी 2023 ला परत 66 टक्के. रांगा गेल्या, रेशनच्या क्यूआर कोडवर टुकटुकला आठवड्याला पाच लिटर पेट्रोल, वस्तू दुकानात आल्या आणि हातात पैसे नव्हते. सासूबाई तेव्हापासून फ्रीज रात्री बंद करतात ते आजतागायत. रांगेत निदान गप्पा तरी व्हायच्या हो, बिल प्रत्येकाला एकट्याने भरायचं असतं.

आणि "आपण" चं म्हणाल तर मी म्हणते, कोणाची परवानगी न घेता. तरी सासूबाई अजून मला "तुमच्या इंडियाने डिझेल पाठवलं" असंच म्हणतात, जसं काय मीच पाठवलं.

पोळपाट
😂 ते क्रेडिट तुमच्याच खात्यावर.

खिडकीतली_सीट
उंटावरचे, त्या टुकटुकवाल्याचं पुढे काय झालं?

उंटावरचा
टुकटुक विकली. आता कतारला ड्रायव्हर आहे, त्या वर्षी किती तरी लोक असेच बाहेर गेले. मागे एकदा फोन केला होता, म्हटलं कसं काय तिकडे, तर म्हणाला महत्तया (म्हणजे साहेब), पेट्रोल भरायला पाच मिनिटं लागतात.

खिडकीतली_सीट
बरं. आणि दिवसाचे किती दिले होतेत ते अजून सांगितलं नाहीत.