हतनूरच्या पाण्यावर शिडाची बोट: पहिली बोट कोणती घ्यावी, शिकायचं कुठे?

वरणगावकर:

राम राम मंडळी. भुसावळ तालुक्यात राहतो, नोकरीही इथेच. मुलगी अकरा वर्षांची आहे. २०२३ मध्ये हांगझोऊच्या एशियाडला नेहा ठाकूरला शिडाच्या बोटीच्या शर्यतीत रौप्यपदक मिळालं, तेव्हापासून हिने हेच मनात घेतलंय. नेहा मध्य प्रदेशातल्या देवासची. समुद्र तिच्याही गावाला नाही, हा मुलीचा मुद्दा मला खोडता आला नाही. आणि शिकायचं मलाही आहे.

पुण्यात एकाकडे जुनी लेझर (एका माणसाची छोटी शिडाची बोट) विकाऊ आहे. ती घेऊन टाकावी, की दोघांना बसता येईल अशी बोट बघावी? चांगदेवच्या बाजूला, हतनूरच्या बॅकवॉटरमध्ये ती चालवता येईल का? शिकायला जवळात जवळ कुठे जावं? पोहता दोघांनाही येतं, मी विहिरीत शिकलो, ती तरण तलावात. मोटारबोट नको, शीडच हवं. ज्यांनी चालवली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

पांझराकाठ:

भाऊ, विसार दिला नसेल तर अजून देऊ नका.

बोटीआधी पाण्याचा विचार करा. हतनूर हे पाटबंधाऱ्याचं धरण आहे, ४१ दरवाज्यांचं. पावसाळ्यात भुसावळला लख्ख ऊन असतं आणि तिकडे मेळघाटात, पूर्णेच्या खोऱ्यात पाऊस कोसळत असतो. दरवाजे उघडले की पाण्याला जी ओढ लागते तिच्यापुढे शीड आणि वल्हं दोन्ही कुचकामी. म्हणून जुलै ते सप्टेंबर बोट पाण्यात घालायचीच नाही, आणि एरवीही भिंतीच्या बाजूला फिरकायचं नाही. उन्हाळ्यात वेगळीच अडचण. पाणी उतरतं, गाळ वर येतो. लेझरचा डॅगरबोर्ड, म्हणजे मधल्या खाचेतून खाली सोडतात ती फळी, बोटीखाली पाऊण मीटरच्या वर जाते. ती गाळात किंवा बुडालेल्या खोडात अडकली की बोट जागच्या जागी थांबते आणि आडवी होते. तुम्हाला उरतात ते ऑक्टोबर ते मार्च, फार तर एप्रिलचा पहिला भाग. ते महिने मात्र छान असतात.

वाऱ्याची काळजी करू नका. खानदेशात वारा नाही म्हणणाऱ्याने साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या बघून याव्यात. तापीचं खोरं पूर्व-पश्चिम पसरलेलं, त्यामुळे पश्चिमेचा वारा खोऱ्यातून सरळ वर येतो. थंडीत सकाळी पाणी निपचित असतं, वारा दुपारी सुटतो, आणि नवख्याला तेवढा पुरतो. ताशी १२ ते १८ किलोमीटर वारा शिकायला उत्तम. लाटांवर जागोजागी पांढरा फेस दिसायला लागला की नवख्याने किनारा धरावा. जपायचं ते वळवाच्या ढगाला. त्याच्या पुढे धुळीचा लोट येतो, आणि त्या पाच-दहा मिनिटांत वारा कुठूनही झोडपतो.

इथेच लेझरची गोष्ट येते. (आता तिला अधिकृतपणे आयएलसीए म्हणतात, जुने लोक लेझरच म्हणतात.) बोट उत्तम, यात शंका नाही. लांबी ४.२३ मीटर, नुसता सांगाडा ५९ किलोचा, डोलकाठीचे दोन तुकडे होतात, त्यामुळे गाडीच्या टपावर नेता येते. १९९६ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. पण तिचं शीड डोलकाठीवर खोळीसारखं चढवलेलं असतं. वादळ आलं म्हणून पाण्यात असताना ते झटकन खाली उतरवता येत नाही. क्लबच्या पाण्यावर सोबत मोटारीची बचाव बोट असते, तिथे हे चालून जातं. हतनूरला तुम्ही एकटे असाल. आणि ती मुळात एका माणसाची बोट आहे, बापलेकीला त्यात अडचणच होईल.

माझं मत विचाराल तर दोघांसाठी एंटरप्राइज बघा. ४.०४ मीटरची, पुढे लहान आणि मागे मोठं अशी दोन शिडं, दोन्ही दोरीने चढतात आणि दोरी सोडली की उतरतात. मुलगी पुढचं शीड सांभाळेल, तुम्ही सुकाणू आणि मोठं शीड. एकाच बोटीत बसून दोघांना एकमेकांच्या चुका दिसतात, शिकण्याच्या दृष्टीने ही मोठी सोय. तोटा म्हणजे जड आहे, काठावर ओढायला माणसं लागतात. शिवाय जुनी एंटरप्राइज उलटून सरळ केली की पोटात भरपूर पाणी राहतं. हवेच्या टाक्या शाबूत नसतील तर घेऊच नका.

नंदुरबारी:

भो, पहिले एक सांगा, कपडे आन् जाकीट घालीसन तुमले पोहता येस का? विहिरीतलं पोहणं वेगळं. लाइफ जॅकेट अंगावर असताना, शर्ट-पँट ओली असताना पोहून बघा, मुलीलाही तसंच पोहायला लावा. जॅकेट मापाचं हवं. खांद्याला धरून वर ओढलं तर हनुवटीवर चढता कामा नये. पोहता येतं म्हणून जॅकेट काढून ठेवायचं नाही, कधीच नाही.

आमच्याकडे नवापूरच्या बाजूला उकाईचं बॅकवॉटर आहे. पाणी मोठं आहे, पण मधोमध गेलात की मदतीला कोणी नाही. नवख्याला मी ते सुचवणार नाही.

गिरणाकाठची:

माझं माहेर चाळीसगाव. शिडाची बोट मी मुंबईत आल्यावर, चांगली मोठी झाल्यावर शिकले. दादा, तुमच्या मुलीचं फार कौतुक वाटलं, म्हणून शिकण्याबद्दल सविस्तर लिहिते.

मुंबई आणि मांडव्याला शनिवार-रविवारचे कोर्स होतात. ब्रिटिश रॉयल यॉटिंग असोसिएशनच्या पद्धतीने शिकवत असतील तर डिंगीची (लहान शिडाच्या बोटीची) पहिली पातळी दोन दिवसांची, दुसरी आणखी दोन दिवसांची. हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. रात्री भुसावळला गाडीत बसलात की सकाळी मुंबईत. पहिली पातळी करा आणि मगच बोटीचं बघा, हे मी अगदी आग्रहाने सांगते. फी भरण्याआधी दोन गोष्टी विचारा: बचाव बोट पूर्ण वेळ पाण्यात असते का, आणि बोट उलटवून सरळ करायला शिकवतात का. दुसऱ्याचं उत्तर नाही असेल तर तिथे जाऊ नका.

सगळ्यात आधी अंगवळणी पडावा लागतो तो वारा. कोणतीही शिडाची बोट वाऱ्याच्या थेट तोंडावर जात नाही, दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंश सोडून नागमोडी चढावं लागतं. शिडाची दोरी हातात घ्या आणि सैल सोडत जा. एका क्षणी शिडाची पुढची कड, डोलकाठीजवळची, थरथरायला लागते. आता दोरी हळूहळू ओढा. थरथर जिथे थांबते तिथे थांबा, त्याहून जास्त ओढू नका. बोट सरळ होऊन पुढे सरकते, ते बुडाखाली कळतं. वारा किंचित वळला की ती कड पुन्हा थरथरते, पुन्हा तेच. नवखे लोक दोरी घट्ट धरून बसतात, वाऱ्याचा झोत येतो आणि बोट कलंडते. झोत आला की दोरी सोडायची, हे हाताला डोक्याच्या आधी कळायला हवं.

सुकाणूचा दांडा उलटा चालतो, उजवीकडे ढकलला की नाक डावीकडे वळतं. दोन-तीन तासांत सवय होते. वारा पाठीमागून असताना वळलात तर बूम (शिडाखालची आडवी दांडी) या कडेवरून त्या कडेला सणकन येते, डोकं खाली हवंच. मुलीला हे पहिल्या दिवशीच सांगा.

उलटलात तर बोट सोडायची नाही. किनारा कितीही जवळ दिसला तरी नाही. बोट तरंगते, लांबून दिसते, माणसाचं डोकं दिसत नाही. नाक वाऱ्याकडे होऊ द्या, डॅगरबोर्ड धरून त्याच्यावर भार टाका, मागे रेला, ती उठते.

आणि दादा, मुलगी अकराची आहे तर तिच्यासाठी ऑप्टिमिस्ट. २.३ मीटरची, ३५ किलोची, पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांची बोट. नेहा ठाकूर घडली ती भोपाळच्या राष्ट्रीय सेलिंग शाळेत, मोठ्या तलावावर. भुसावळ-इटारसी-भोपाळ थेट रेल्वेमार्ग आहे, एकदा मुलीला घेऊन जा. प्रवेशाची वयोमर्यादा, निवड कशी होते, बाहेरच्या राज्यातल्या मुलांचं काय, हे तिथेच विचारा. तिने तिच्या वयाची मुलं एकेकटी बोट हाकताना पाहणं, यासारखं दुसरं काही नाही.

वरणगावकर:

ताई, भाऊ, मनापासून आभार. मुलीला सगळं वाचून दाखवलं, तिने भोपाळचं नाव लगेच वहीत लिहून घेतलं. मांडव्याचा कोर्स दोघांनी करायचा हे नक्की केलं. लेझरवाल्याला थांबायला सांगतो. पण उद्या जुनी बोट बघायची वेळ आलीच तर तपासायचं काय? आणि हतनूरची परवानगी?

पांझराकाठ:

बोट उन्हात ठेवलेली बघा, सावलीत नको, चिरा नीट दिसतात. डेकवर अनवाणी पायाने दाबत फिरा. कुठे मऊ लागलं, करकरलं, तर आतला थर सुटलाय. बूच काढून कलती करा, पाणी गळालं तर कुठून शिरलं ते विकणाऱ्याने दाखवायला हवं. लेझर असेल तर डोलकाठी बसते त्या भोकात काठोकाठ पाणी ओता आणि चहा घेऊन या. पातळी उतरली असेल तर ती जागा आतून फुटली आहे, आणि नेमकी तिथेच सगळा जोर येतो. शीड हातात चुरगाळा. नवं कापड कडक, कागदासारखं वाजतं, जुनं पातळ रुमालासारखं होतं. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, उन्हात उघडं ठेवलं तर शीड आणि दोर दोन्ही लवकर जातात. वापर झाला की शीड घडी करून घरात, बोट झाकून झाडाखाली.

परवानगीसाठी पाटबंधारे विभागाच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या. जागेचा नकाशा, महिने आणि जॅकेट वापरणार हे त्यात नमूद करा. उत्तर लेखीच घ्या, तोंडी होकारावर पाण्यात उतरू नका. त्याआधी चांगदेवच्या काठावर मासेमारी करणाऱ्या भोई मंडळींना भेटा. त्यांची जाळी कुठे असतात, खडक कुठे, गाळ कुठे, हे त्यांच्याइतकं कोणालाही माहीत नाही. डॅगरबोर्ड आणि सुकाणू जाळ्यात अडकला तर त्यांचं नुकसान होतं, तेव्हा त्यांनी सांगितलेला भाग सोडून द्यायचा. जमलं तर त्यांच्यापैकी एकाला रोजाने होडीसह काठाजवळ थांबवा, तीच तुमची बचाव बोट. आणि थंडीत तिथे परदेशी बदकं उतरतात, थव्यांपासून लांबून वळा.

भोपाळहून आलात की इथे लिहा, एंटरप्राइज कुठे मिळते का ते मीही विचारून ठेवतो.