सर्वांसाठी सरकारी आरोग्य विमा: आमदार-खासदारांचा पाठिंबा नोंदवायचा कसा?

पलासिया_कट्टा:
इंदूर जिल्ह्यातले नऊ आमदार आणि आपले खासदार यांचा सर्वांसाठी सरकारी आरोग्य विम्याला पाठिंबा मिळवायचं काम आमच्या गटानं घेतलंय. आयुष्मान भारत या सरकारी आरोग्य विमा योजनेच्या यादीत नाव नाही आणि वय सत्तरच्या आत, अशा लोकांसाठी ही धडपड आहे: दुकानातले कामगार, शिकवण्या घेणारे, छोटे व्यापारी. एक्सेलमध्ये 'पाठिंबा: हो/नाही' असा रकाना आहे आणि भेटलेल्या प्रत्येकापुढे 'हो' लागलंय. त्याचा उपयोग काय ते कळेना. नोंद कशाची ठेवावी? आणि मागणी भोपाळकडे करावी की दिल्लीकडे?

माळवा_पठार:
तो रकाना काढून टाका. घरी आलेल्या मतदाराला 'नाही' म्हणणारा लोकप्रतिनिधी विरळा. पायऱ्या ठेवा.
० – भेट झालेली नाही, किंवा होकार जुना झाला.
१ – तोंडी होकार.
२ – लेटरहेडवर सहीचं पत्र, आणि तेही मंत्र्यांच्या नावे. तुमच्या गटाला शुभेच्छा देणारं पत्र पहिल्या पायरीवरच राहील.
३ – सभागृहात प्रश्न, शून्यकाल किंवा ध्यानाकर्षण (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना).
४ – अशासकीय, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यानं मांडलेला, संकल्प किंवा विधेयक, नाहीतर अर्थसंकल्पात आरोग्य खात्याच्या मागणीवर बोलताना तरतुदीचा स्पष्ट आग्रह.

शीट दोन करा. एकीत प्रत्येक घटनेची स्वतंत्र ओळ: तारीख, कोण भेटलं, नेमकं वाक्य, पुराव्याचा फोटो. दुसरीत माणसागणिक आजची पायरी. जुन्या खान्यावर नवं लिहीत गेलात तर कोण कधी मागे हटला हेच पुसलं जातं. तोंडी होकार सहा महिन्यांत पुढे सरकला नाही तर शून्यावर आणा. मंत्री असलेल्यांची नोंद वेगळी, कारण मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात.

नेहरूपार्क_सकाळ:
मागणी दोन्हीकडे करावी लागेल. सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयं राज्यसूचीत, विमा केंद्रसूचीत, तर सामाजिक सुरक्षा आणि सामाजिक विमा समवर्ती सूचीत. शिवाय आयुष्मानचा खर्च मध्यप्रदेशात केंद्र ६० आणि राज्य ४० असा वाटला जातो. म्हणून भोपाळला पहिला प्रश्न पैशाचाच येतो. ४० टक्क्यांचा हिशेब कागदावर नसेल तर बोलणं तिथेच थांबतं.

खासगी म्हणजे अशासकीय विधेयकावर सगळी शक्ती घालू नका. संचित निधीतून, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीतून, खर्च होणार असेल तर अनुच्छेद ११७(३) खाली राष्ट्रपतींची शिफारस असल्याशिवाय ते पारित होत नाही. राज्यात २०७(३) खाली राज्यपालांची. संसदेत आजवर १४ खासगी विधेयकांचेच कायदे झाले, शेवटचा १९७० साली. लोकसभा विसर्जित झाली की तिथं मांडलेलं विधेयकही संपतं. विधेयक मांडून चर्चा मिळाली तर मंत्र्यांचं म्हणणं नोंदीवर येतं, एवढाच लाभ धरा.

लोकसभेतला प्रश्न त्याहून स्वस्त आणि फलदायी. सूचना किमान १५ दिवस आधी लागते. दिवसाला तारांकित (तोंडी उत्तराचे) २० आणि अतारांकित (लेखी उत्तराचे) २३० प्रश्न घेतात. तारांकितावर पुरवणी प्रश्न विचारता येतो, पण क्रमांक लागेलच असं नाही. आकडे हवे असतील तर अतारांकितच विचारायला सांगा. मंत्री 'विचाराधीन आहे' म्हणाले तर ते आश्वासन धरलं जातं आणि आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. पूर्ततेची मुदत तीन महिने. ती तारीख तुमच्या शीटमध्ये हवीच.

पक्षाचा रकानाही ठेवा: जाहीरनाम्यात काय आहे, प्रदेशाध्यक्ष काय बोलले. व्हिप (पक्षाचा मतदानाचा आदेश) निघाला की आमदाराचं स्वतःचं मत मागे पडतं, तो मोडला तर संविधानाच्या दहाव्या अनुसूचीनं (पक्षांतरबंदी) सदस्यत्वच जाऊ शकतं.

राजवाडा_उत्तर:
आधी मागणीचं वाक्य पक्कं करा, नाहीतर नऊ जण नऊ गोष्टींना होकार देतील. 'आयुष्मान वाढवा' म्हणजे सर्वांना विमा नव्हे. २०२४ मध्ये सत्तरीपुढच्यांना उत्पन्नाची अट न ठेवता घेतलं, तीही वाढच होती. वाक्यात तीन गोष्टी हव्यात: वय-उत्पन्नाची अट नाही, कुटुंबामागे वर्षाला ५ लाख, आणि ओपीडीचं काय. आज आयुष्मानमध्ये दाखल होण्याचा खर्च मिळतो, साध्या ओपीडीचा नाही, आणि बहुतेक घरांचा पैसा औषधांतच जातो. ओपीडीला 'हो' म्हणणाऱ्याची खूण वेगळी ठेवा. नीती आयोगानं २०२१ मध्ये कुठलंही आरोग्य संरक्षण नसलेले जवळपास ३० टक्के लोक सांगितले होते, तो दाखला आमदारांना लगेच पटतो.

पत्र हिंदीत, एका पानाचं, मसुदा तयार करून स्वीय सहायकांना व्हॉट्सअ‍ॅपवर द्या. सही झाल्यावर जावक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. तो नसेल तर मंत्रालयात पत्राचा माग लागत नाही. आवक क्रमांक मिळाला की त्यावर काय कारवाई झाली ते माहिती अधिकारात विचारा, उत्तराची मुदत ३० दिवस.

पलासिया_कट्टा:
फार उपयोगाचं सांगितलंत सगळ्यांनी. पुरवणी प्रश्नासाठी खासदारांना टिपण द्यायचं तर किती मोठं असावं?

नेहरूपार्क_सकाळ:
अर्धं पान, तीन आकडे, आणि शेवटी ज्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही'तच देता येईल असा एकच प्रश्न.