ऑनलाइन लेक्चरमुळे डोळे चुरचुरतात, ब्लू कट (निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांचा) चष्मा घ्यावा का? (नाशिककरांनो, मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

दिवसभर अंबड एमआयडीसीत कॉम्प्युटरवर स्टोअरच्या नोंदी, संध्याकाळी सिडकोतल्या खोलीवर बाहेरगावच्या एका विद्यापीठाचं ऑनलाइन एम.कॉम., तेही मोबाईलवर. नोकरी करून शिकणारे नाशकात बरेच आहेत (मुक्त विद्यापीठ इथलंच), तेव्हा हा त्रास मला एकट्यालाच नसावा.

लेक्चर निम्म्यावर आलं की डोळ्यांत वाळू गेल्यासारखं चुरचुरतं, मग पाणी येतं, कपाळ जड होतं. लेक्चर संपवून गॅलरीत आलो की समोरच्या दुकानाची पाटी थोडा वेळ पुसट दिसते, मग आपोआप नीट दिसायला लागते. सुट्टीच्या दिवशी यातलं काहीच नाही.

वाचून एवढं कळलं की स्क्रीन बघताना पापण्या कमी लवतात, पुष्कळदा अर्धवटच मिटतात, म्हणून डोळे कोरडे पडतात. सतत जवळचं बघून आतला स्नायू आवळलेला राहतो, म्हणून लांबचं लगेच स्पष्ट दिसत नाही. २०-२०-२० सुद्धा माहीत आहे: दर २० मिनिटांनी २० फुटांवरचं काहीतरी २० सेकंद बघायचं. पण आमच्याकडे कॅमेरा चालू ठेवावा लागतो, मान वळली की लगेच नाव पुकारतात. आणि दहा बाय बाराच्या खोलीत तिघं राहतो, २० फूट आणायचे कुठून?

चष्म्याच्या दुकानात नंबर न तपासताच 'ब्लू कट घ्या' म्हणाले. मेडिकलवाल्याने डोळ्यांची लाली घालवणारे ड्रॉप्स पुढे केले. दोन्ही घेतलं नाही. ब्लू कटने कुणाला खरंच फरक पडला आहे का? आणि आजवर चष्मा लागलेला नसताना थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं का?

प्रतिसाद

मी ऑप्टोमेट्रिस्ट (डोळ्यांचा नंबर तपासणारी) आहे. ब्लू कटचे पैसे वाचवा. २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा अभ्यास) १७ चाचण्या तपासल्या होत्या. अशा काचांनी डोळ्यांचा थकवा कमी होतो असं त्यात दिसलं नाही.

डॉक्टरांकडे मात्र जाच. अर्ध्या नंबरचा सिलिंडर (डोळ्याची गोलाई सगळीकडे सारखी नसल्याने लागणारा नंबर) एरवी जाणवत नाही, स्क्रीनसमोर बसलं की डोकं धरतो. त्र्यंबक नाक्याजवळच्या सिव्हिलमध्ये केसपेपर काढून तपासून घ्या. बाहुली मोठी करायचे थेंब घातले तर काही तास जवळचं वाचता येत नाही, उजेडही सहन होत नाही. त्या दिवशी गाडी नेऊ नका, लेक्चरही सोडा.

लाली घालवणाऱ्या ड्रॉप्सनी रक्तवाहिन्या आकसतात, असर उतरला की डोळे पुन्हा लाल. त्यात स्टिरॉइड निघालं तर डोळ्यातला दाब वाढू शकतो. कोरडेपणाचे थेंब वेगळे असतात, ते डॉक्टरांना विचारून घ्या. तोवर मोबाईल हातात धरू नका, स्टँडला लावून लांब ठेवा. टीव्हीला जोडता आला तर उत्तमच. पंख्याचा झोत तोंडावर नको. आणि अचानक दिसेनासं झालं, डोळा ठणकला किंवा दिव्याभोवती रंगीत वलय दिसलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

धागाकर्ता

धन्यवाद ताई. रूममेटचा जुना टीव्ही आहे, केबल मिळते का बघतो. सिव्हिलला केसपेपर किती वाजेपर्यंत मिळतो? सकाळची अर्धी रजा पुरेल का?