चिऊ-काऊ, भोपळ्यातली म्हातारी आणि पडलेला दुसरा अंक : मराठी म्युझिकलसाठी मदत हवी

विंगेतला उजेड

कोथरूडचा आमचा हौशी संच ‘इन्टू द वुड्स’ या परीकथांची पात्रं एकत्र आणणाऱ्या अमेरिकी म्युझिकलच्या धर्तीवर दोन अंकी मराठी म्युझिकल बसवतोय. मूळ नाटकाचं मराठी करावं की आपल्याच गोष्टी घेऊन नवं लिहावं, याचा निर्णय अजून पक्का नाही, पण कच्ची संहिता आपल्या गोष्टींची तयार आहे. पहिल्या अंकात चिऊ-काऊ, भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी म्हातारी आणि सोन्याची कुऱ्हाड मिळालेला लाकूडतोड्या. तिघांचंही भलं होतं आणि मध्यंतर. दुसऱ्या अंकात वाघ गावात येतो आणि एकेक जण मरतो.

वाचनात पहिला अंक रंगतो. दुसरा मात्र मरणांची यादी वाटतो. संगीतही तिथे नुसतं संथ आणि रडवेलं झालंय. ११ नट (६ बायका, ५ पुरुष), ४ वादक, भाड्याचे ८ वायरलेस माइक एवढी सामग्री आहे. प्रयोग बालगंधर्व किंवा भरत नाट्य मंदिरात करायचा विचार आहे. संहिता, चाली आणि ध्वनी या तिन्हींबद्दल नेमकं काय बदलावं? वाघ दाखवावा का?

संहितावही

हक्कांचं आधी, कारण त्यात वेळ फार जातो. मूळ नाटकाची गीतं आणि संगीत स्टीफन सॉन्डहाइम यांचं, संहिता जेम्स लपाइन यांची. ब्रॉडवेवर ते १९८७ मध्ये आलं. प्रयोगाचे हक्क म्युझिक थिएटर इंटरनॅशनल देते आणि भाषांतराची परवानगी वेगळी, लेखी घ्यावी लागते. शाळांसाठीची ‘ज्युनियर’ आवृत्ती पहिल्या अंकाशीच थांबते, म्हणजे तुम्हाला हवा तो भागच तिच्यात नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात आणि सॉन्डहाइम २०२१ मध्ये गेले, तेव्हा परवानगीशिवाय वाट नाही. लोककथा मात्र मोकळ्या आहेत. चिऊ-काऊ कुणाच्या मालकीचे नाहीत. पण एखाद्या पुस्तकातलं कथन किंवा ध्वनिफितीतली चाल जशीच्या तशी उचलू नका, त्यांना मालक असतात. आपल्या गोष्टींवर नवं लिहा, हे माझं स्पष्ट मत.

आता दुसरा अंक. मूळ नाटकात दुसऱ्या अंकातलं संकट बाहेरून येत नाही. परीकथेतला जॅक जादूच्या बियांतून उगवलेल्या वेलावरून वर राक्षसाच्या घरी जाऊन चोरी करतो, वेल तोडून राक्षसाला मारतो आणि आपण टाळ्या वाजवतो. पहिल्या अंकाच्या शेवटी सगळे सुखात गात असतानाच दुसरा वेल उगवतो आणि पुढच्या अंकात राक्षसाची बायको नवऱ्याच्या खुनाचा जाब विचारायला खाली उतरते. तिची मागणी रास्त आहे, म्हणूनच भीती वाटते. तुमचा वाघ नुसता भुकेला आहे. भुकेल्या वाघाशी प्रेक्षकाचं काही देणंघेणं नसतं.

तुमच्या तिन्ही गोष्टींत देणं आधीच शिल्लक आहे, ते फक्त बाहेर काढा. म्हातारीने वाघाला शब्द दिलाय: लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा. वाघाने तो खरा मानला, तेवढे दिवस उपाशी वाट पाहिली आणि ती भोपळ्यात लपून त्याच्यासमोरून निघून गेली. चिमणीने पावसात दार उघडलं नाही, त्याला कारणं होती, पण कावळा बाहेरच राहिला. आणि लाकूडतोड्या! सोनं मऊ, सोन्याच्या कुऱ्हाडीने लाकूड तुटत नाही. मग तो ती विकतो, त्या पैशातून वीस माणसं आणि वीस लोखंडी कुऱ्हाडी आणतो. रान साफ. म्हणजे वाघाचं रान गेलं, चिमणीचं झाड गेलं. बेघर वाघाला म्हातारीच्या लेकीचं घर दाखवायला कावळा आहेच. बघा, एकही खलनायक नाही आणि एकही जण सुटत नाही.

लिहिताना एक कसोटी लावा. दुसऱ्या अंकातल्या प्रत्येक मरणासमोर समासात पहिल्या अंकातलं पान लिहा, जिथे त्याचं कारण पेरलंय. पान सापडलं नाही तर ते मरण काढून टाका. तीनपेक्षा जास्त मरणं दोन तासांच्या नाटकाला पेलत नाहीत, आणि त्यातलं एक तरी प्रेक्षकाच्या सर्वांत लाडक्या पात्राचं हवं.

मूळ नाटकात दुसऱ्या अंकात सगळे एकमेकांवर दोष ढकलतात ते एक झपाट्याचं गाणं आहे. त्याची नक्कल करू नका, तुमच्याकडे बुडबुड घागरी आहे. खीर कुणी खाल्ली हे ठरवायला एकेकाने घागरीवर बसायचं, खोटं बोलणाऱ्याची घागर बुडणार. दुसऱ्या अंकाच्या मध्यावर तोच खेळ लावा: वाघाला कुणी आणलं? प्रत्येक जण आपापल्या परीने खरंच बोलतो आणि तरी प्रत्येकाची घागर थोडी थोडी पाण्यात जाते. हा प्रसंग नाटकाचा कणा होऊ शकतो, त्याला दहा मिनिटं द्या.

मध्यंतराचा एक धोका. पहिला अंक इतका गोड संपतो की नाटक संपलं समजून लोक चपला शोधायला लागतात. मूळ नाटकात निवेदक गोष्ट अजून बाकी असल्याचं सांगतो. तुम्ही शेवटच्या ओळीवर विंगेतून कुऱ्हाडीचा एक घाव ऐकवा. एकच.

काळी दोन

संहितावहींनी देणं-घेणं नीट मांडलंय. संगीतातही तेच करायचं: दुसऱ्या अंकाला नव्या चाली देऊ नका, पहिल्या अंकातल्याच चाली मोडून परत आणा. सॉन्डहाइम यांनी जॅकच्या पाच जादूच्या बियांना पाच स्वरांची एक छोटी सुरावट दिली आणि ती नाटकभर निरनिराळ्या जागी वापरली. तुमच्याकडे त्याहून सोपं साधन आहे, आपल्या मात्रा.

‘चिऊताई, चिऊताई, दार उघड’ घ्या. ‘चिऊताई’च्या मात्रा १+२+२+२ म्हणजे ७. केहरवा तालाच्या आठ मात्रांत बसवताना आठवी मात्रा रिकामी राहते. पहिल्या अंकात तिच्यावर कावळ्याची टकटक ठेवा, मुलांना ती लगेच पाठ होते. ‘दार उघड’च्या ६, तिथे दोन टकटक. दुसऱ्या अंकात हीच ओळ रूपक तालात, सात मात्रांत घ्या. स्वर तेच, शब्द तेच, फक्त ‘चिऊताई’मागची रिकामी जागा गेली, टकटक गेली. ‘दार उघड’नंतर एक मात्रा उरते, तिथे काहीच वाजवू नका. रूपकाची सम (पहिली मात्रा) ‘खाली’वर, म्हणजे टाळी नसलेल्या जागी असल्याने जमीन सरकल्यासारखं वाटतं. लय मात्र कमी करू नका. संथ केलं की रडगाणं होतं, तुमचा दुसरा अंक तिथेच बसलाय.

कोमल गंधार-निषाद लावून काळोख आणायचा मोह होईल. सगळीकडे लावले तर दहा मिनिटांत कान सरावतो. फक्त म्हातारीच्या शब्दावर, ‘मग मला खा’ इथे शुद्ध गंधाराचा कोमल करा, बाकी चाल हसरीच राहू द्या.

पट्टीची अडचण नक्की येईल. पुरुषांची पट्टी (हार्मोनियमची ज्या सुरापासून सा धरतात ती) साधारण काळी एक-दोन, बायकांची काळी चार-पाच. कोरस काळी दोनमध्ये बांधा आणि चाल मंद्र पंचम ते मध्य धैवत (खालच्या सप्तकातला प ते मधल्या सप्तकातला ध) एवढ्यातच ठेवा. सगळ्यांना आपापल्या सप्तकात आरामात गाता येतं. बायकांची एकल गाणी काळी पाचमध्ये. काळी पाच हा काळी दोनचा पंचम, म्हणून एकच तबला काळी पाचला लावला की दोन्हीकडे चालतो, प्रयोगात हातोडी घ्यावी लागत नाही. चार वादकांत कीबोर्ड, बासरी, तबला-ढोलकी आणि तालवाद्यांचा एक जण. वाघासाठी संबळ ठेवा, आणि पहिल्या अंकात तो अजिबात वाजवू नका.

शेवटचं: १८८० मध्ये पुण्यातच ‘शाकुंतल’ रंगमंचावर आलं, तेव्हापासून पद सुरू झालं की कथा थांबते ही सवय आपल्या अंगात आहे. इथे उलट हवं. गाणं सुरू होताना पात्राने जे ठरवलेलं नव्हतं ते गाणं संपताना ठरलेलं असायला हवं. तसं नसेल तर ते गाणं कापा.

तिसरी घंटा

वाघ दाखवू नका. मूळ नाटकातही राक्षसीण नुसत्या आवाजावर उभी राहते. आवाज ध्वनिमुद्रित नको, नट विंगेत साध्या डायनॅमिक माइकवर प्रत्यक्ष बोलू दे, म्हणजे प्रेक्षक हसले-दचकले तर त्याला थांबता येतं. त्याच्या आवाजाची पट्टी ध्वनियंत्रणेतून ३ ते ४ अर्धस्वर खाली करा. त्याहून खाली गेलात तर शब्द अस्पष्ट होतात. पावलांसाठी सबवूफर रंगमंचाच्या मागच्या बाजूला ठेवून ४०–६० हर्ट्झचा गडगडाट सोडा. तालमीत आधी तो एकटा वाजवून नाट्यगृहभर फिरा. सैल पत्रे आणि दिव्यांच्या क्लिपा खणखणतात, त्या कापडाने आवळून घ्या.

आठ माइक अकरा जणांत: एकल गाणी असलेल्या सहा जणांना कायमचे, दोन फिरते. माइकची कॅप्सूल (आवाज टिपणारं टोक) कपाळावर केसांच्या रेषेशी चिकटवा. गालावर लावला तर घामाने तासाभरात सुटतो. ट्रान्समीटरच्या बॅटऱ्या मध्यंतराला बदला, दाखवत असलेल्या चार्जवर विसंबू नका. फ्रिक्वेन्सी त्या नाट्यगृहात जाऊनच शोधा, तालमीच्या हॉलमधल्या तिथे चालतीलच असं नाही. कोरससाठी जमिनीवर माइक ठेवाल तर गाण्यापेक्षा पावलं जास्त ऐकू येतील. त्यापेक्षा ‘काळी दोन’ यांनी वर सांगितला तसा आटोपशीर कोरस माइकशिवाय रंगमंचाच्या पुढच्या भागात दोन रांगांत उभा करा.

भोपळा वेताच्या सांगाड्याचा, वरून फोम शीट, खालून उघडा, वजन ५ किलोच्या आत. बांधण्याआधी विंगेतली सर्वांत अरुंद वाट मोजा. आत किंवा बाहेर चमकी फॉइल लावू नका, म्हातारीच्या माइकचा सिग्नल तुटतो.

रानासाठी फ्लॅट उभे करण्यात पैसे घालू नका. भरत नाट्य मंदिरातच १९७२ मध्ये ‘घाशीराम कोतवाल’ने माणसांची भिंत उभी केली होती, तुमचे अकरा जण झाडं होऊ शकतात, आणि लाकूडतोड्याच्या माणसांनी एकेक झाड हलवलं की रंगमंच आपोआप उघडा पडतो. कापडाच्या पट्ट्या लावणारच असाल तर लिटरभर पाण्यात ७० ग्रॅम बोरॅक्स आणि ३० ग्रॅम बोरिक पावडर विरघळवून त्यात बुडवून वाळवा, सुती कापड लवकर पेट घेत नाही. धुतलं की पुन्हा करावं लागतं.

रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे (नाटकाच्या संहितेला परवानगी देणारं सरकारी मंडळ) संहिता गाण्यांसकट पाठवा. साडेपाचचा प्रयोग असेल तर सव्वाआठला पडदा पडेल असं बांधा, साडेनऊच्या संस्थेचं नेपथ्य दारात उभं असतं. पहिला अंक ७० मिनिटं, दुसरा ५५. आणि जाहिरातीत वय लिहाच. नावात चिऊ-काऊ दिसले की आई-बाबा चार वर्षांची मुलं घेऊन येतात.

विंगेतला उजेड

सगळ्यांचे मनापासून आभार. समासात पानं लिहायला घेतली: सहा मरणांपैकी दोघांचीच पानं सापडली, बाकी चार काढतोय. एक शंका: घागरीच्या प्रसंगात वाघालाही बसवावं का? आवाज आहे, अंग नाही.

संहितावही

बसवा. रिकामी घागर मध्यावर ठेवा, वाघ आवाजातून आपली बाजू सांगेल. त्याची घागर हलूही देऊ नका, तो एकटाच शब्दाला जागलाय. वाघाला दिलेल्या शब्दाचं काय करायचं, हा म्हातारीचा निर्णय त्यानंतर लगेच यायला हवा, मध्ये गाणं नको.