शब्दचर्चा: पातळ कवचाचं बकलिंग म्हणजे वाकणं की पिचकणं?

कोथरूडकर: डिप्लोमाच्या मुलांसाठी पातळ कवचांच्या, म्हणजे टाकीसारख्या पातळ वक्र पत्र्याच्या रचनांच्या, संगणकी विश्लेषणावर मराठी टिपणं काढतोय. शेलला ‘कवच’ ठरलं; गणितासाठी रचनेचे छोटे तुकडे (एलिमेंट) पाडतात, त्या मेशला ‘जाळी’. बकलिंगला ‘वाकणे’ चालेल का?

भोसरीकर: नको, ‘वाकणे’ बेंडिंगसाठी राखून ठेवा. तिथे भार दुप्पट झाला की वाकही साधारण दुप्पट होतो. बकलिंगचं तसं नाही. उभा दाब घेणारा सिलिंडर बराच वेळ जसाच्या तसा दिसतो आणि एकदम पत्र्यावर शंकरपाळ्यांसारखे पोचे उमटतात. भार पेलायची ताकद त्याच क्षणी कोसळते. शॉपमध्ये सळईला ‘बाक आला’ म्हणतात, टाकी मात्र ‘पिचकली’. कवचासाठी ‘पिचकणे’च घ्या.

औंधकर: अनुमोदन. पण सोबत आकडे द्याच, नाहीतर मुलं सूत्रावर विसंबतात. पोलादी सिलिंडर, त्रिज्या २५०० मिमी, जाडी ५ मिमी. सूत्राने पिचकण्याचा ताण ०.६०५ × यंग गुणांक (पोलादाचा ताठरपणा, २ लाख मेगापास्कल) × जाडी ÷ त्रिज्या, म्हणजे २४२ मेगापास्कल. सॉफ्टवेअरमधलं लिनियर बकलिंगही (निर्दोष आकार धरून केलेलं सरळ गणित) याच्याच आसपास उत्तर देतं. नासाच्या १९६८च्या शिफारशीप्रमाणे मात्र त्रिज्या-जाडीच्या या प्रमाणाला (५००) कपात गुणांक, म्हणजे सूत्राच्या उत्तराला ज्याने गुणायचं तो आकडा, साधारण ०.३२ येतो, हातात उरतात जेमतेम ७८. एवढी घट व्हायला रोलिंग-वेल्डिंगमध्ये राहिलेला जाडीएवढा पोचाही पुरतो. डच अभियंते कॉइटर यांनी १९४५च्या प्रबंधात मांडलं ते हेच. म्हणून पहिल्या मोडचा (लिनियर गणितात सर्वात कमी भाराला येणारा पिचकण्याचा) आकार जाडीच्या काही अंशाने भूमितीत मिसळायचा आणि मग आर्क-लेंथ पद्धतीने, म्हणजे भार आणि विस्थापन दोन्ही एकत्र पुढे सरकवत, बदलता आकार धरणारा नॉनलिनियर रन घ्यायचा. साधं लोड कंट्रोल (फक्त भार वाढवत जाणं) भाराच्या शिखरापाशीच अडकतं.

कोथरूडकर: ‘पिचकणे’ घेतला. लॉकिंगला ‘कुलूपबंदी’ लिहिलंय.

भोसरीकर: त्यातून काहीच कळत नाही हो. ‘खोटा ताठरपणा’ लिहा. पातळ एलिमेंटला निव्वळ वाकता येत नाही, खोटी कातर मध्ये येते आणि विस्थापन खऱ्याहून कमी दिसतं. रिड्यूस्ड इंटिग्रेशनने (एलिमेंटमधलं गणित कमी बिंदूंवर करून) तो जातो, पण अवरग्लासिंग (एलिमेंटचं विरोधाविना खोटं वेडंवाकडं होणं) येऊ शकतं. त्याची कृत्रिम ऊर्जा तपासत जा. एलिमेंट पारखायला स्कॉर्डेलिस-लो छत हे वक्र छताचं प्रमाणित उदाहरण घ्या: मोकळ्या कडेच्या मध्यावर उभं विस्थापन त्या उदाहरणाच्या एककांत ०.३०२४ यायला हवं.

औंधकर: जाळी किती बारीक, तेही सांगा. त्रिज्या गुणिले जाडी, त्याचं वर्गमूळ वरच्या सिलिंडरला ११२ मिमी. पिचकण्याची अर्धी लाट त्याच्या १.७ पट, म्हणजे १९० मिमी. तेवढ्यात आठ-दहा एलिमेंट हवेत, म्हणजे २० मिमीची जाळी. १०० मिमीच्या जाळीत ती लाट उमटतच नाही आणि टाकी आहे त्याहून भक्कम दिसते.