भाजीला साबण नको
बाजारातून आणलेली भाजी साबणाच्या पाण्यात धुवा, असं काही जण सुचवतात. ते नको. तांबड्या भाजीच्या (लाल माठाच्या) पानांत साबण राहतो, पोटात गेला की मळमळ, जुलाब. नळाच्या धारेखाली चोळून धुणं पुरतं. फारच वाटलं तर ५ टक्क्यांचं बिनवासाचं हायपोक्लोराइट (क्लोरीनचं ब्लीच), लिटरभर पाण्यात १ मिली (म्हणजे ५० पीपीएम, दहा लाख भागांत ५०), ५ मिनिटं. मग साध्या पाण्यात दोनदा खळबळून घ्या. ब्लीचचं पाणी कढत नको, क्लोरीन उडून जातो. आणि त्यात विनेगर मुळीच नको, विषारी वायू सुटतो. आपल्याकडे गोव्यात माडाच्या विनेगरची बाटली ओट्यावरच असते, म्हणून हे मुद्दाम. पाला निथळून, कोरडा करूनच फ्रीजमध्ये.

बाकी संसर्गाचा खरा धोका भाजीपेक्षा गर्दीचा. म्हापशाला शुक्रवारी आठवड्याचा बाजार असतो, तो सोडून दुसरा वार धरा.