माउसच्या परीक्षणातील ‘व्हर्जिन-ग्रेड पीटीएफई’ म्हणजे नेमके काय?

घोडबंदरकर:
माउस घ्यायचा म्हणून पाच-सहा परीक्षणे वाचली. जवळपास प्रत्येकात तळाच्या पट्ट्या ‘१०० टक्के व्हर्जिन-ग्रेड पीटीएफई’च्या, केबल ‘पॅराकॉर्ड’ची आणि चाक ‘एअरक्राफ्ट-ग्रेड ॲल्युमिनियम’चे असल्याचे ठळकपणे लिहिले आहे, पण या गोष्टींमुळे हाताला काय फरक जाणवला, हे एकानेही सांगितलेले नाही. या नावांसाठी हजारभर रुपये जास्त मोजावेत का?

रबाळे एमआयडीसी:
आमच्याकडे पीटीएफईच्या सळया लेथवर कातून बुश (फिरत्या दांड्याभोवती बसवायच्या नळ्या) आणि व्हॉल्व्हच्या सीट तयार होतात, त्यामुळे पहिल्या नावापुरते सांगतो. पीटीएफई म्हणजे टेफ्लॉन. प्लंबर नळाच्या आट्यांवर गुंडाळतो ती पांढरी टेपही त्याचीच. ‘व्हर्जिन’ याचा अर्थ एवढाच, की माल पुन्हा दळून वापरलेला नाही आणि त्यात काच किंवा कार्बन मिसळलेला नाही. गंमत म्हणजे शुद्ध पीटीएफई मऊ असते आणि घर्षणात लवकर झिजते. म्हणूनच बुशसाठी आम्ही पुष्कळदा भेसळीचा, म्हणजे कार्बन घातलेला माल मुद्दाम मागवतो. माउस कसा सरकतो, हे पट्टीची जाडी, तिच्या कडा गोलावलेल्या आहेत की नाहीत आणि खालचा पॅड यांवर बरेच अवलंबून असते. कड उभी कापलेली असेल, तर कापडी पॅडवर ती रुतते आणि नखाने ओरखडल्यासारखा आवाज येतो. परीक्षकाने खरे तर ते लिहायला हवे.

पाचपाखाडी:
‘एअरक्राफ्ट-ग्रेड’ नावाचा कोणताही प्रमाणित दर्जा नाही. विमानांत ६०६१ आणि ७०७५ हे मिश्रधातू वापरतात हे खरे, पण ६०६१ सायकलच्या सांगाड्यातही असतो. मिश्रधातूचा क्रमांक दिलेला नसेल, तर तो शब्द सोडून पुढे वाचावे. पॅराकॉर्ड ही मुळात पॅराशूटची दोरी. माउसच्या केबलला कोणी लटकणार नाही. विणलेले आवरण सैल आणि तार लवचीक असली, की काम झाले.

घोडबंदरकर:
आपल्या उत्तरांनंतर जुना माउस उलटा करून पाहिला. मागची पट्टी एका बाजूने झिजून बुडाच्या पातळीला आली आहे आणि सुटलेल्या गोंदावर पॅडचे काळे तंतू चिकटले आहेत. आता फक्त पट्ट्याच बदलतो. जुना गोंद कशाने काढावा?

रबाळे एमआयडीसी:
हेअर ड्रायरने किंचित ऊब द्या, पट्टी सोलून काढा आणि उरलेला गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा. थिनर वापरू नका, त्याने माउसच्या बुडाचे एबीएस प्लास्टिक विरघळते.